डेक्लनचा धोंडा

आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आर्डमोरला जायचं तर आधी ओहोटीची वेळ बघून ठेवावी. विहीर, पडकं चर्च, गोल मनोरा, संताची कबर हे सगळं दिवसभरात कधीही बघता येतं. धोंडा मात्र समुद्राच्या मर्जीवर आहे. भरतीच्या वेळी पोहोचलात तर लांबूनच हात जोडून परत फिरायचं.

हे मला सांगितलं ते आमच्या कॉर्कच्या गल्लीतल्या शेजारणीने. त्या निवृत्त मिडवाइफ. मी नर्स असल्यामुळे आमची गट्टी ड्युटीच्या गाऱ्हाण्यांवरून जमली. त्यांचं माहेर वॉटरफर्ड काउंटीत, म्हणजे डेशा लोकांच्या मुलखात, आणि त्या मुलखाचा आश्रयदाता संत डेक्लन. त्याचा सण २४ जुलैला. ‘पॅटर्नला येतेस का?’ असं त्यांनी विचारलं तेव्हा मला आधी वाटलं विणकामाचा काहीतरी प्रकार असेल. गावाच्या संताच्या सणाला तिथे पॅटर्न म्हणतात, हे नंतर कळलं.

मी वसईची. संताचा सण ही गोष्ट मला नवी नाही. आमचा गोन्सालो गार्सिया वसईतच जन्मला, १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर मेला आणि १८६२ मध्ये संत झाला. त्याच्या आयुष्यातल्या तारखा आहेत, खटला आहे, साक्षीदार आहेत. त्यामुळे मी शेजारणीला पहिला प्रश्न विचारला तो हाच, की तुमच्या डेक्लनला संत केलं कोणी आणि कधी? त्या हसल्या. ‘कोणी केलं नाही. तो होताच.’

आयर्लंडमधले जुने संत बहुतेक असेच आहेत. रोमची कागदपत्रं नाहीत. लोकांनी मानलं म्हणून संत. डेक्लन पाचव्या शतकातला मानतात. डेशांच्या राजघराण्यातला, आणि आयर्लंडचा आश्रयदाता संत पॅट्रिक याच्याही आधी या भागात ख्रिस्ताची शिकवण आणणाऱ्या चौघांतला एक. एम्लीचा आल्बे, सायरचा किअरन, बेगरिन बेटाचा इबर आणि आर्डमोरचा डेक्लन, अशी ती चौकडी. सतरा मार्चला सगळं जग हिरवे कपडे घालून पॅट्रिकला नाचवतं, त्यावर आर्डमोरकडच्या माणसाचं म्हणणं एकच असतं: आमचा आधी आला. यात थोडं राजकारणही आहे म्हणा. डेक्लनचं लॅटिन चरित्र बाराव्या शतकातलं, म्हणजे तो गेल्यावर सहाएकशे वर्षांनी लिहिलेलं. त्या काळात आयर्लंडमध्ये धर्मप्रांतांच्या सीमा नव्याने आखल्या जात होत्या आणि आर्डमोरला स्वतःचा बिशप हवा होता. आपला संत पॅट्रिकहून जुना, हे सांगण्यात तेव्हा कोणाचा फायदा होता ते उघड आहे. बिशप थोडा काळ मिळालाही, पण पुढे आर्डमोर शेजारच्या लिस्मोरमध्ये विलीन झालं.

कॉर्कहून बस योलला जाते आणि तिथून पुढे आर्डमोर. योलच्या पुढे ब्लॅकवॉटर नदीवरचा पूल ओलांडला की वॉटरफर्ड काउंटी लागते. सकाळी निघालो तेव्हा ऊन होतं. आयर्लंडच्या जुलैवर विश्वास ठेवून मी नुसत्या कार्डिगनवर निघाले, आणि आर्डमोरच्या एकुलत्या एक मोठ्या रस्त्यावर उतरेपर्यंत समुद्रावरून भुरभुर पाऊस सुरू झालेला. शेजारणीने पिशवीतून जादाचा रेनकोट काढून माझ्या अंगावर घातला. निळा, दोन मापं मोठा. या रेनकोटाचं पुढे काम आहे.

सुरुवात विहिरीपासून करायची असते. पर्यटकांचं पत्रक मनोऱ्यापासून सुरू होतं, पण शेजारणीच्या मते ते चूक. गावाच्या पूर्वेला चढाचा रस्ता, वाटेत कड्याला चिकटून असलेलं एक बडं हॉटेल, आणि त्याच्या पुढे समुद्राच्या वरच्या अंगाला डिझर्ट नावाची जागा. म्हातारपणी मठातल्या वर्दळीला कंटाळून डेक्लन इथे एकटा राहायला आला, असं चरित्रात आहे. टेकडी आणि समुद्र यांच्या मधली ही जागा त्याला फार आवडायची म्हणे. ते मात्र मला एका नजरेत पटलं.

तिथे छप्पर नसलेलं मोडकं चर्च आहे आणि त्याला लागून विहीर. विहीर म्हटल्यावर मला रहाट नाही तरी निदान काठ आणि पायऱ्या अपेक्षित होत्या. आमच्याकडच्या बावखलाच्या, म्हणजे तळ्याएवढ्या मोठ्या विहिरीच्या, मानाने हा नुसता झिरा. दगडी बांधकामात खाली दोन बुटकी दारं, त्यांच्या आत अंधारात पाणी, आणि वर झिजून गेलेल्या क्रूसाच्या कोरीव आकृत्या. गुडघे टेकून, हात आत घालूनच पाणी घ्यावं लागतं. उभ्याने पाणी मिळणार नाही अशी ती रचना आहे. मुद्दाम असेल किंवा नसेल, पण येणारा प्रत्येक जण आपोआप गुडघ्यावर येतो.

आमच्या आधी काही माणसं आली होती. एक जोडपं, एक तरुण मुलगा कानातले हेडफोन गळ्यात अडकवून, आणि चार-पाच जण पाठीवर सॅक घेतलेले. ते कॅशलहून चालत आलेले. कॅशल ते आर्डमोर ही ११५ किलोमीटरची ‘संत डेक्लनची वाट’ २०२१ मध्ये रीतसर खुली झाली. पाच टप्प्यांत चालतात. केहर, गोटनब्रिज, नॉकमिलडाउनचे डोंगर ओलांडून माउंट मेलरे, मग आग्लिश आणि शेवटी इथे. डेक्लन पॅट्रिकला भेटायला कॅशलला याच बाजूने गेला अशी समजूत. त्यांतली एक बाई चिखलाने माखलेले बूट काढून गवतावर बसली होती आणि पायाचे फोड मोजत होती.

मी फादर शोधत होते. सणाचा दिवस आहे, म्हणजे कोणीतरी फादर असतील, माइक असेल, मिस्सा कुठेतरी सुरू होईल, आणि आपण मागे उभं राहून उत्तरं देऊ. तसं तिथे काहीही नव्हतं. फेऱ्या ज्याने त्याने आपापल्या घालायच्या. काय म्हणायचं, किती वेळा म्हणायचं, कुठे थांबायचं, यातलं काही तिथे पाटीवर लिहिलेलं मला दिसलं नाही. ‘माझ्या मागून चल, गर्ल, आणि बघ,’ एवढीच शेजारणीची सूचना.

तर ते असं आहे. विहिरीपुढे गुडघे टेकायचे, प्रार्थना म्हणायच्या. उठायचं आणि चर्चच्या भिंती उजव्या हाताला ठेवून बाहेरून फेरी घालायची, घड्याळाचे काटे फिरतात त्या दिशेने. ओठ हलते ठेवायचे. फेरी पुरी झाली की भिंतीतल्या ठरलेल्या दगडापाशी थांबून, खालचा एखादा बारका खडा उचलायचा आणि दगडावर क्रूस कोरायचा. आडवी रेघ, उभी रेघ. मग पुढची फेरी. शेवटी पाणी प्यायचं, दुखत असेल त्या जागी लावायचं, बाटलीत भरून घ्यायचं.

शेजारण इंग्रजीत पुटपुटत होत्या, मध्येच आयरिशमध्ये जात होत्या. ती त्यांना आईकडून आलेली. मी मागून ‘नमो मारिया’ म्हणत होते. वसईत सणाला मिरवणूक निघते, बँड असतो, पालखीवर मूर्ती असते, सगळा गाव एका चालीत चालतो. पडक्या भिंतीला एकट्याने फेऱ्या घालायचं मला कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्या फेरीत मी इकडेतिकडे बघत होते, कोणी आपल्याकडे बघत नाही ना. गवत ओलं, जमीन उतरती, आणि चर्चच्या पलीकडच्या बाजूला वारा असा येतो की शब्द तोंडातच राहतात. त्यामुळे लक्ष पायाकडे द्यावं लागतं. पुढच्या फेऱ्यांत मी लोकांना विसरले. हेडफोनवाला मुलगा माझ्या पुढे होता. त्याचा आणि माझा वेग कधी एक झाला, तेही कळलं नाही.

तो कोरण्याचा दगड मला आजही डोळ्यांपुढे आणता येतो. क्रूस काढलेला नाही, क्रूस खोल गेलेला आहे. किती पिढ्यांच्या हातांनी त्याच रेघांवर रेघा ओढल्या असतील कोण जाणे. खडा ठेवला की तो आपोआप खाचेत बसतो आणि खाचेतून चालतो. पुरातत्त्व खात्यातल्या माणसाला हे बघून घाम फुटत असेल. एरवी ऐतिहासिक भिंतीवर दगडाने ओरखडे काढणाऱ्याला आपण काय म्हणतो ते ठाऊकच आहे. पण इथे ओरखडे काढणं थांबलं तर वारसाच संपेल, असा तो पेच आहे. मला विचाराल तर आर्डमोरमध्ये एकच गोष्ट बघायला वेळ असेल, तर मनोरा सोडा आणि हा दगड बघा.

ही फेरी घालणं एकेकाळी गुन्हा होता. १७०४ च्या कायद्याने विहिरींवर जमणाऱ्यांना दहा शिलिंग दंड होता, आणि दंड भरता आला नाही तर जाहीर फटके. तिथे दारू किंवा खाऊ विकणाऱ्यांना दंड दुप्पट. प्रॉटेस्टंट सरकारला या गर्दीची धास्ती होती. गंमत अशी की पुढे एकोणिसाव्या शतकात कॅथलिक फादर लोकांनीही पॅटर्नच्या विरोधात कंबर कसली. रात्रभर विहिरीवर जागायचं, सकाळी फेऱ्या आणि दुपारपासून तंबूत दारू, मग दोन गटांत काठ्या, असा मामला जागोजागी होऊ लागला होता. कित्येक गावांचे पॅटर्न त्या धाकात बंद पडले. आर्डमोरचा टिकला. सरकार आणि फादर, दोघांनी नको म्हटलेली गोष्ट शेजारणीच्या आईने लेकीला हाताला धरून शिकवली. आता मी त्यांच्या मागून ती करत होते, तेव्हा फादर कुठे दिसत नाहीत याचं मला वाटणारं आश्चर्य त्यांना का कळत नव्हतं, ते उलगडलं.

विहिरीवरून कड्याच्या वाटेने पुढे गेलं की खाली खडकांत ‘सॅमसन’ नावाची क्रेनची बोट गंजत पडलेली दिसते, १९८७ च्या वादळात आपटलेली. फोटो काढणारे तिथे जातात. शेजारणीचा खुब्याचा सांधा बदललेला, तेव्हा आम्ही आल्या वाटेने गावात उतरलो.

जुना मठ गावाच्या वर, कबरस्तानात आहे. गोल मनोरा सुमारे ३० मीटर उंच, बाराव्या शतकातला, वर निमुळता होत गेलेला, बाहेरून तीन दगडी पट्टे आणि टोकाला शंकूची टोपी. दार जमिनीपासून चार मीटरवर. आयर्लंडमधल्या देखण्या मनोऱ्यांत याची गणना होते आणि ती रास्त आहे. १६४२ च्या लढाईत इथे वेढा पडला होता. याहून अधिक मी त्याच्याविषयी सांगत नाही. मनोरा लांबून चांगला दिसतो आणि जवळ जाऊन मान दुखते.

शेजारच्या कथीड्रलला मात्र वेळ द्यावा. तेही छपराविना. १२०३ च्या नोंदीत आर्डमोरचा एक धर्मगुरू चर्चचं बांधकाम पुरं करून वारला असा उल्लेख आहे, म्हणजे तेव्हा ते उभं होतं. पश्चिमेकडच्या भिंतीवर बाहेरच्या अंगाला कमानींच्या ओळीत कोरीव काम आहे. पावसावाऱ्याने नाकं-डोळे गेलेत, तरी झाडाखालचे आदाम आणि एवा ओळखू येतात. बाळाची वाटणी करायला निघालेला शलमोन राजा आहे, बाळ येशूपुढे आलेले राजे आहेत, आत्मे तोलणारा देवदूत आहे. वाचता न येणाऱ्यांसाठी भिंतीवर लिहिलेलं बायबल. मला शलमोनाच्या पुढ्यातली ती आई लगेच दिसली. शेजारणीला आधी राजा दिसला. आत दोन ओगम दगड ठेवलेत. कडेवर नुसत्या रेघांच्या खुणा, ती आयरिश भाषेची सगळ्यांत जुनी लिपी. दगडावर रेघा ओढायची इथली खोड तेवढी जुनी.

त्याच आवारात एक लहानशी, उतरत्या छपराची खोली आहे. तिला बॅनहान म्हणतात. हीच डेक्लनची कबर. आजचं छप्पर १७१६ मध्ये इथल्या प्रॉटेस्टंट बिशपने बसवून घेतलं, हे वाचून मला त्या बिशपविषयी आदर वाटला. आत वाकून गेलं की एका कोपऱ्यात जमिनीत दगडांनी बांधलेला खड्डा. मूर्ती नाही, पेटी नाही, खड्डाच. भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या संताच्या कबरीतली माती मूठमूठ नेली, त्याने तो असा झाला. घरात ठेवली की आजार येत नाही, आग लागत नाही, अशी श्रद्धा. डेक्लन डिझर्टवर आजारी पडला तेव्हा त्याने आपल्याला मठात परत आणायला सांगितलं, आणि इथेच तो गेला. शेजारण खड्ड्यापुढे उभ्या राहिल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाल्या, ‘माझ्या आजीकडे डब्यात होती. ती गेल्यावर कोणीतरी झाडून टाकली.’

एव्हाना ओहोटी लागली होती.

डेक्लनचा धोंडा किनाऱ्यावर आहे. खाली दोन खडकांच्या कण्यावर टेकलेला, मध्ये फट. गोष्ट अशी सांगतात. डेक्लन वेल्सहून परत निघाला तेव्हा त्याची घंटा तिकडेच एका खडकावर राहिली. नाव समुद्रात आल्यावर ते लक्षात आलं. त्याने प्रार्थना केली, आणि घंटा घेऊन तो खडकच पाण्यावर तरंगत आला, नावेच्या पुढे गेला. डेक्लन म्हणाला, हा जिथे लागेल तिथे माझं ठाणं, आणि तिथूनच शेवटच्या दिवशी मी उठेन. खडक आर्डमोरला लागला. भूगोलवाले सांगतात की हिमयुगात बर्फाने वाहून आणलेला हा परका दगड आहे. म्हणजे दगड दुसरीकडून आला यावर दोघांचं एकमत आहे. वाहन कुठलं, एवढाच वाद.

पॅटर्नच्या दिवशी या धोंड्याखालून सरपटत पलीकडे गेलं की पाठदुखी जाते. एकोणिसाव्या शतकात रांगा लागायच्या. आता फारसं कोणी जात नाही. शेजारणीच्या लहानपणीच ते कमी झालं होतं. फट फार अरुंद आहे, पोटावर आडवं होऊन कोपरांनी ओढत जावं लागतं. आणि दोन अटी आहेत. मनात मोठं पाप असेल तर माणूस अडकतो. आणि अंगावर उसना किंवा चोरलेला कपडा असेल तरी अडकतो.

‘मला आता जमायचं नाही,’ त्या आपल्या खुब्यावर थोपटत म्हणाल्या. ‘तू माझ्या वतीने जा. पाठ तर तुझीही दुखतेच.’ हे खरं. पेशंट उचलून उचलून नर्सची पाठ चाळिशीत म्हातारी होते. आणि दुसऱ्यासाठी फेऱ्या घालणं इथे जुनंच आहे, अंथरुणावरच्या माणसासाठी घरातलं कोणीतरी जायचं.

मी वाकून फट बघितली. आत ओली वाळू, शेवाळ, पलीकडे उजेडाची पट्टी. खाली बसणार एवढ्यात त्या ओरडल्या, ‘रेनकोट!’

निळा रेनकोट. उसना. मी हसले, त्या हसल्या नाहीत. मी तो काढून त्यांच्या हातात दिला. पाऊस चालूच. मग मी स्वतःची तपासणी सुरू केली. कार्डिगन माझं. पँट माझी. मोजे नवऱ्याचे. नवऱ्याचे मोजे उसने धरायचे का, यावर त्या किनाऱ्यावर आमचा रीतसर खल झाला. लग्नानंतर मोजे सामाईक, असा निकाल शेजारणीने दिला. पापाच्या कलमाविषयी त्यांनी काही विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

धोंड्याखाली गेल्यावर समुद्राचा आवाज एकदम बंद होतो, आपलाच श्वास मोठ्याने ऐकू येतो. छाती वाळूला आणि पाठ दगडाला. मध्यावर खरंच अडकले. खांदा. त्या क्षणी भूगोल, हिमयुग, बाराव्या शतकातलं राजकारण, यातलं काहीच आठवलं नाही. पापांची यादी मात्र झरझर आठवली. श्वास सोडला, खांदा तिरका केला, शेजारणीचं नाव घेतलं, माझं घेतलं, आणि कोपरांवर जोर देऊन बाहेर आले. तोंडात वाळू, कार्डिगनचा पोतेरा.

एक कुत्रं फिरवणारा माणूस थांबून बघत होता. त्याने टोपीला हात लावला आणि पुढे गेला, जणू २४ जुलैला दगडाखालून बायका निघणं रोजचंच.

त्यानंतर आम्ही चिप्स घेतल्या आणि भिंतीच्या आडोशाला बसून खाल्ल्या. विहिरीच्या पाण्याच्या बाटल्या दोन होत्या. एक त्यांनी मला दिली. मी ती वसईला आईकडे न्यायची ठरवली आहे. चेक-इनच्या सामानात, कपड्यांत गुंडाळून. आईला काय सांगायचं ते ठरलेलं नाही. ती आधी फादरना विचारेल.

बस आली. शेजारण चढायला लागल्या आणि पायरीवर थांबल्या. मी म्हटलं, दुखतंय का? ‘खुबा दुखतोय. पाठ नाही,’ त्या म्हणाल्या, ‘ती तू केलीस ना.’ मग आत बसून त्यांनी निळ्या रेनकोटाची घडी घातली. ‘पुढच्या वर्षीच्या चोवीस तारखेची सुट्टी रोस्टर लागायच्या आधी टाकून ठेव, गर्ल. आणि रेनकोट स्वतःचा आण.’